तळ्यात नाही, मळ्यातही नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पत्र लिहिणाऱ्या बाई पंचेचाळिशीच्या आहेत, शाळेत शिकवतात. त्यांच्याकडे दोनच मोठे पक्ष आहेत. वडील आयुष्यभर एका पक्षाचे. नवरा आणि शाळेतले बहुतेक सहकारी दुसऱ्याचे. बाईंना दोन्हींचं काही पटतं आणि काही मुळीच पटत नाही. वडिलांपुढे शंका काढली की "तुला सासरचं वारं लागलं" आणि शिक्षकांच्या खोलीत काढली की "तुम्ही आतून त्यांच्याच." हल्ली त्या गप्पच बसतात. "तळ्यात-मळ्यात" असं नावही कुणीतरी ठेवलं आहे. निवडणूक महिन्यावर आली आहे. मुलीला अठरा पूर्ण झाली, तिचं हे पहिलं मतदान. परवा जिना चढताना तिनं विचारलं, "आई, तू कुणाला देणार?" बाईंना उत्तर देता आलं नाही. त्या लिहितात, "यंदा मतदानाला जाऊच नये असं वाटतंय. मी भित्री आहे का? की माझ्यासारख्यांना जागाच उरलेली नाही?"

ताई,

तुमच्या पत्रात देशाचं, पक्षांचं आणि नेत्यांचं नाव होतं. ती सगळी मी काढून टाकली. नावं राहिली असती तर वाचणाऱ्यांनी पहिल्या दोन ओळींतच तुम्ही कुणाकडे झुकता याचा अंदाज बांधला असता आणि तुमचा प्रश्न तिथेच पडून राहिला असता. घरी आणि शाळेत तुमचं रोज हेच होतंय, म्हणून निदान इथे तरी तसं होऊ नये.

जिन्यातल्या प्रश्नाकडे मी शेवटी येते. आधी "मधली" या शब्दाबद्दल बोलू या. चार पानांच्या पत्रात तो नऊ वेळा आलाय. "मी मधली", "मधल्यांचं कुणी ऐकत नाही", "मधे राहणाऱ्याला दोन्हीकडून मार." हा शब्द वापरताना तुम्ही एक गोष्ट न तपासता मान्य केलीत : दोन पक्ष म्हणजे दोन खांब, त्यांच्यात ताणलेली एक दोरी, आणि प्रत्येक माणसानं त्या दोरीवर कुठेतरी उभं राहायचं.

ही दोरी आली कुठून? १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला कायदे रोखण्याचा अधिकार असावा की नसावा यावर वाद चालला होता. असावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले, नको म्हणणारे डाव्या हाताला. "डावे" आणि "उजवे" हे शब्द त्या बसण्याच्या व्यवस्थेतून आले. प्रश्न एक होता, म्हणून दोन बाजू पुरल्या. पुढे मात्र कर, शाळा, धर्म, तुरुंग, लष्कर, पाणी, लग्नाचे कायदे असं सगळंच त्या एका रेषेवर मांडलं जाऊ लागलं. कर कमी असावेत असं वाटणाऱ्या माणसाचं तुरुंगांबद्दलचं मतही त्यावरून ओळखता यावं, असं का? तसं काहीच कारण नाही. पक्ष वेगवेगळ्या लोकांची मोट बांधतात, आणि त्या मोटेत जे सापडेल ते एका गाठोड्यात येतं. १९६४ साली फिलिप कॉन्व्हर्स या अमेरिकन अभ्यासकानं दाखवून दिलं की सामान्य मतदारांपैकी बहुतेकांची मतं अशी गाठोड्यानं येतच नाहीत. एका विषयावरचं मत कळलं म्हणून दुसऱ्या विषयावरचं सांगता येत नाही. गाठोडं अख्खं उचलणारे लोक कमी असतात, पण राजकारणावर बोलतात तेच जास्त, म्हणून सगळे तसेच आहेत असं वाटतं.

स्वतःला मध्यम म्हणवणाऱ्यांमध्येही अभ्यासकांना तीन तऱ्हा दिसतात. काही जण बहुतेक विषयांवर खरोखरच मधल्या मताचे असतात. २०२३ साली अमेरिकेतल्या सहा अभ्यासकांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या एका निबंधानुसार त्यांची संख्या पूर्वी मानली जाई त्यापेक्षा बरीच मोठी आहे. काही जण एका विषयावर ठाम इकडचे, दुसऱ्यावर तितकेच ठाम तिकडचे. बेरीज केली की आकडा मधे येतो, पण माणूस मधला नसतो. आणि काहींनी राजकारणाकडे फारसं लक्षच दिलेलं नसतं.

तुमचं पत्र मी याच नजरेनं पुन्हा वाचलं. शिक्षणावरच्या सरकारी खर्चाबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंय आणि त्यात "पण" हा शब्द एकदाही नाही. पोलिसांच्या अधिकारांबद्दलही तेवढ्याच ठाम आहात, फक्त तिथे तुमचं मत दुसऱ्या पक्षाशी जुळतं. ही काही मधल्या माणसाची मतं नव्हेत. तुम्ही दोन वेगळ्या विषयांवर दोन पक्की मतं असलेल्या बाई आहात, आणि ती दोन्ही मतं एकाच गाठोड्यात मिळत नाहीत ही तुमची अडचण आहे. परराष्ट्र धोरणावर मात्र "तिथेही मी मधलीच" एवढं एक वाक्य लिहून तुम्ही पुढे गेलात. तिथे तुम्ही मधल्या नाही आहात, ताई. तो विषय तुम्ही अजून वाचलेला नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. पण "विचार करून मधे आले" आणि "विचार केलेला नाही" या दोन गोष्टी एका शब्दाखाली झाकल्या की आपलं आपल्यालाच कळेनासं होतं.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः हे करून पाहिलं. वहीचं एक पान फाडलं, बारा विषय एकाखाली एक लिहिले आणि प्रत्येकापुढे पक्षाचं नाव न घेता माझं मत एका वाक्यात लिहायचं ठरवलं. सात ओळी सहज झाल्या. आठवीवर अर्धा तास गेला. शेवटच्या चार कोऱ्या राहिल्या, आणि त्या चारपैकी दोन विषयांवर मी आदल्याच महिन्यात एका मैत्रिणीशी कडाक्याचं भांडले होते. ते पान अजून माझ्या खणात आहे. तुम्हीही असं पान करा, असं मी आग्रहानं सांगेन. मतदानाचं ठरायच्या आधी करा, कारण ठरल्यावर माणूस निर्णयाला साजेशी मतं लिहितो.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही लिहिता, "शेवटी सत्य कुठेतरी मधेच असतं." पुष्कळदा असतं. पण नेहमी असतं असं धरून चालणं धोक्याचं आहे, आणि या बाबतीत मला तुमची थोडी काळजी वाटते. १७८७ साली अमेरिकेची राज्यघटना लिहिताना प्रतिनिधींची संख्या ठरवण्यासाठी लोकसंख्येत गुलामांना धरायचं की नाही यावर दोन गट पडले. दक्षिणेकडच्या राज्यांना ते पूर्ण मोजायला हवे होते, कारण त्यामुळे त्यांच्या जागा वाढणार होत्या. स्वातंत्र्य मात्र द्यायचं नव्हतं. मधला मार्ग निघाला : पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. दोन्ही बाजूंनी थोडं सोडलं, थोडं मिळवलं, आणि ते कलम घटनेत गेलं. ज्यांचं माप काढलं जात होतं त्यातलं कुणी त्या दालनात नव्हतं.

म्हणून मध्य गाठण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. ही दोन टोकं ठरवली कुणी? आणि मधल्या मार्गाची किंमत कोण मोजणार आहे? कराचा दर किती असावा, रस्ता आधी की रुग्णालय आधी, यात देवाणघेवाण होते आणि व्हावी. पण एखादा पक्ष निवडणुकीचा निकालच मानणार नाही म्हणत असेल किंवा एखाद्या समाजाला माणूस म्हणून मोजायलाच तयार नसेल, तर तिथे अर्ध्या वाटेवर जाऊन थांबण्यात शहाणपण नाही. तुमच्या दोन पक्षांपैकी कुणी तसं करतंय का, हे मी इथून ठरवणार नाही. ते तुम्ही तपासायला हवं, आणि उत्तर "हो" आलं तर बाकीच्या अकरा ओळींपेक्षा त्या एका ओळीला जास्त वजन द्यायला हवं.

"मी भित्री आहे का?" हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला.

त्याच फ्रान्समध्ये १७९२ साली दुसरी सभा बसली. तिच्यात जहाल मंडळी वरच्या उंच बाकांवर बसत, त्यांना "पर्वत" म्हणत. खाली सपाटीवर बसणाऱ्यांना "मैदान" म्हणत, आणि चिडवायचं असलं की "दलदल." ही खालची मंडळी संख्येनं सगळ्यात जास्त होती. पण माणसांची मुंडकी उडत होती त्या काळात त्यांच्यातले बहुतेक गप्प बसले. १७९४ च्या जुलैमध्ये त्यांनी जहालांचा पुढारी रोबेस्पिअर याची साथ सोडली, तेव्हा त्याची सत्ता एका दिवसात कोसळली. म्हणजे त्यांच्या हातात ताकद होती. ती वापरायला त्यांनी फार उशीर केला.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे आणि तुम्ही शिक्षिका आहात म्हणून मुद्दाम देते. जहाल आणि मवाळ हे शब्द मराठीला काही फ्रान्सकडून घ्यावे लागले नाहीत. १९०७ साली सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस या दोन तटांत फुटली. गोपाळ कृष्ण गोखले मवाळांचे पुढारी. जहालांना ते बोटचेपे वाटत, सरकारला त्यांच्या मागण्या नको असत. पण गोखल्यांनी १९११ साली कायदेमंडळात काय मांडलं? प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याच्या दिशेनं पहिलं पाऊल टाकणारं विधेयक. पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क भारताच्या घटनेत आला तो २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीनं. आता मला सांगा, नव्वद वर्षांनी पुरी झालेली ही मागणी मवाळ होती का? बोलण्याची रीत मवाळ होती, आकडे आणि कागद घेऊन उभं राहण्याची होती; मागणी मात्र मोठी होती. १९१५ साली गोखले गेले तेव्हा त्यांच्या चितेपुढे उभं राहून टिळकांनी त्यांना भारताचा हिरा म्हटलं. जन्मभराचा विरोधक होता तो.

तेव्हा सपाटीवरच्या बाकावर बसलात म्हणून तुम्ही भित्र्या ठरत नाही. तिथून बोलता की नाही, हे मात्र पाहावं लागेल. आणि पत्रावरून तरी तुम्ही बोलणं सोडलंय.

मतदानाला न जाण्याचा विचार आहे, तो नीट तपासू या. त्यामागे तुमची भावना अशी दिसते की घरी बसणं हा एक निरोप आहे आणि तो पक्षांपर्यंत पोचेल. तो पोचत नाही. न आलेल्या मतदारात रागावलेला कोण, आजारी कोण आणि कंटाळलेला कोण हे मोजणाऱ्याला कळत नाही. पक्षाला मात्र एक गोष्ट नक्की कळते : मत देणाऱ्यांना खूश ठेवलं की पुरतं. मधले लोक घरी बसले की प्रचार आणखी टोकाला जातो, कारण मग आपल्याच कट्टर माणसांना बाहेर काढण्यावर सगळा जोर लागतो. काही देशांत "वरीलपैकी कुणीही नाही" असं बटण असतं. भारतात ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ साली आलं. त्यात निदान तुमचा नकार मोजला जातो. पण लोकसभा-विधानसभेला त्याला सगळ्यात जास्त मतं पडली तरी उमेदवारांत पहिला आलेलाच निवडून येतो, हे माहीत असावं.

तिसऱ्या पक्षाला मत देण्याबद्दल तुम्ही विचारलंय. मोरिस द्यूव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकानं १९५१ साली मांडलेलं निरीक्षण इथे उपयोगी आहे. एका मतदारसंघातून एकच माणूस आणि ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजयी, अशी पद्धत असली की राजकारण दोन मोठ्या पक्षांकडे घरंगळत जातं. मत वाया जाईल या भीतीनं लोक तिसऱ्याला सोडतात, आणि लोक सोडतात म्हणून तो वाढत नाही. म्हणजे "माझ्यासारख्यांना जागा नाही" असं तुम्हाला वाटतं त्यातला बराच भाग मोजणीच्या नियमामुळे आहे. तुमच्यात काही खोट आहे म्हणून नव्हे. ऑस्ट्रेलियात १९१८ पासून पसंतीक्रम लिहितात : पहिली पसंती लहान पक्षाला देऊन दुसरी मोठ्याला देता येते, मत फुकट जात नाही. न्यूझीलंडनं १९९३ साली सार्वमत घेऊन पद्धत बदलली आणि १९९६ ची निवडणूक मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या नव्या पद्धतीनं झाली. ब्रिटनमध्ये २०११ साली पसंतीक्रमाचा प्रस्ताव लोकांनी मोठ्या फरकानं फेटाळला, म्हणजे बदल होतोच असंही नाही. तुमच्याकडे यासाठी कुणी काम करत असेल तर त्यांना चार तास द्या. दोन्ही पक्षांवर चिडण्यात तुमचे त्याहून जास्त तास जाताहेत.

तोवर, सध्याच्या नियमांत, मी काय करेन ते सांगते. तुमच्या मतदारसंघात निकाल आधीच ठरल्यासारखा असेल तर तिसऱ्याला दिलेलं मत मनापासून द्या, त्यातून पुढच्या वेळेसाठी काहीतरी उभं राहतं. लढत अटीतटीची असेल तर दोघांतला त्यातल्या त्यात बरा निवडा, आणि निवडताना पक्ष बाजूला ठेवून उमेदवार पाहा : मागच्या पाच वर्षांत सभागृहात कशावर बोलला, स्वतःच्या पक्षाविरुद्ध कधी तोंड उघडलं का. स्थानिक निवडणुकीत एकाला, वरच्या निवडणुकीत दुसऱ्याला मत देण्यात काहीही गैर नाही. मत म्हणजे आपल्या दंडावरचं गोंदण नव्हे. पुढच्या खेपेला पुन्हा विचार करायचाच असतो.

एक मार्ग मात्र लोक फार लवकर झटकून टाकतात, म्हणून त्यावर थोडं थांबते. दोनपैकी जो पक्ष तुमच्या पानावरच्या जास्त ओळींशी जुळतो, त्यात जाऊन तिथली न पटणारी मतं मांडायची. पक्षाच्या स्थानिक बैठकीला गेलेल्या कुणालाही विचारा. खुर्च्या बऱ्याच रिकाम्या असतात आणि ठराव मूठभर माणसं करतात. त्या मुठीत एक शांत, तयारी करून आलेली शिक्षिका असली तर फरक पडतो. हे प्रत्येकाच्या स्वभावाला जमत नाही, वेळही लागतो, आणि तुमच्या वडिलांना किंवा नवऱ्याला ते आपला विजय वाटण्याची शक्यता आहे. तरी यादीतून काढू नका.

वडिलांबद्दल. "त्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं" असं तुम्ही लिहिलंय. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकन लोकांना दोन्ही पक्षांच्या समर्थकांबद्दल अंदाज करायला सांगितलं होतं. रिपब्लिकन समर्थकांपैकी वर्षाला अडीच लाख डॉलरच्या वर कमावणारे किती? लोकांचा सरासरी अंदाज १०० पैकी ३८, प्रत्यक्षात २. डेमोक्रॅट समर्थकांत समलैंगिक, उभयलिंगी वा पारलिंगी किती? अंदाज ३२, प्रत्यक्षात ६. समोरच्या पक्षाचं जे चित्र आपण डोक्यात घेऊन फिरतो ते असं असतं. आपल्या वडिलांबद्दलचंही थोडं तसंच असू शकतं. त्यांना या आठवड्यात एकच गोष्ट विचारा : "बाबा, तुमच्या पक्षाचं तुम्हाला काय पटत नाही?" विचारून झालं की थांबा. मधे काही बोलू नका, त्यांनी दिलेलं उत्तर पुढच्या भांडणात वापरू नका. पक्षात आयुष्य काढलेल्या माणसाकडे या प्रश्नाची उत्तरं आपल्यापेक्षा जास्त असतात. त्याला ती कुणी विचारत नाही, इतकंच.

शिक्षकांच्या खोलीत "मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटतं" असं म्हणणं थांबवा. ऐकणाऱ्याला ते निसटणं वाटतं आणि त्यावर "तळ्यात-मळ्यात" हे नाव चिकटतं. त्याऐवजी विषय धरा. "शाळांच्या खर्चाबाबत माझं मत असं आहे, आणि कारण हे आहे." पुढे कुणी "म्हणजे तुम्ही त्यांच्याच" म्हणालं तर "या विषयावर हो" एवढं म्हणून चहा घ्या. पहिल्या दोन-तीन वेळा छाती धडधडेल. त्या खोलीतलं आणखी कुणीतरी नंतर एकटं गाठून "बरं झालं बोललात" म्हणेल, असं मला फार वाटतं. आपण एकटेच आहोत असं समजून गप्प बसणारे एका खोलीत सहसा एकाहून जास्त असतात.

आणि मुलगी. तिनं विचारलं तेव्हा तुम्हाला उत्तर आलं नाही, याचं तुम्हाला इतकं वाईट वाटलं की पत्राचा शेवट त्यावर केलात. पण अठरा वर्षांच्या मुलीला आईकडून उमेदवाराचं नाव मिळण्यापेक्षा आई ठरवते कशी हे पाहायला मिळणं मला मोलाचं वाटतं. पान दोघींनी वेगवेगळं भरा, एकमेकींना न दाखवता. मग अदलाबदल करा. तिच्या काही ओळी वाचून तुम्हाला धक्का बसेल. त्या ओळींपुढे खूण करा, खोडू नका. दोन्ही पक्षांचे जाहीरनामे घ्या आणि फक्त तुमच्या पानांवरचे विषय त्यांत शोधा. कोणाला मत देणार हे तिला सांगायचं की नाही ते तुमच्यावर आहे. मतदान गुप्त असतं, घरातल्या माणसांपासूनही.

आज संध्याकाळी मात्र तिला एवढं सांगा : "तू परवा विचारलंस ना, माझं अजून ठरलेलं नाही. तीन गोष्टी बघायच्या राहिल्यात. रविवारी माझ्याबरोबर बसतेस का?"